यवाब सेनापतीची श्राव्य मालिका : निष्ठा ऐकू येते, पण अर्धीच

बायबलमधील इस्राएलच्या दावीद राजाचा सेनापती यवाब याच्या चरित्रावरील दहा भागांची मराठी श्राव्य मालिका मी गेल्या महिन्यात ३४९ रुपये भरून घेतली आणि मानखुर्द ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या रोजच्या हार्बरच्या प्रवासात पूर्ण ऐकली. प्रत्येक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा असल्यामुळे जाताना एक आणि येताना एक असा हिशेब बसत होता. पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. मात्र निर्मात्यांनी यवाबाला पहिल्याच वाक्यात ‘स्वामिनिष्ठ’ हे विशेषण चिकटवले आणि त्या विशेषणात न मावणारा प्रत्येक प्रसंग घाईने उरकला, ही माझी मुख्य तक्रार आहे.

यवाब हा दावीदाची बहीण सरूवा हिचा मुलगा, म्हणजे राजाचा सख्खा भाचा. काळ इसवी सनापूर्वी १००० च्या आसपासचा. गिबोनच्या तळ्याकाठी दावीदाच्या आणि आधीचा राजा शौल याच्या घराण्याच्या अशा दोन्ही पक्षांचे बारा-बारा तरुण समोरासमोर येतात, एकमेकांची डोकी धरून कुशीत तलवारी खुपसतात आणि चोवीसही जण एकदम कोसळतात, हा प्रसंग पहिल्या भागात फार संयमाने मांडला आहे. तेथे पार्श्वसंगीत नाही, फक्त पाण्याचा आवाज आहे. पुढे यवाबाचा धाकटा भाऊ असाएल शौलाच्या पक्षाचा सेनापती अबनेर याचा पाठलाग करतो. अबनेर त्याला माघारी फिरण्यास दोनदा विनवतो आणि अखेरीस भाल्याच्या मागच्या टोकाने ठार करतो. ही विनवणी वगळली असती तर यवाबाने पुढे हेब्रोनच्या वेशीत अबनेराला गाठून केलेला खून सरळसोट सूड वाटला असता. ती ठेवल्यामुळे गुंता कायम राहिला, याचे श्रेय लेखकाला दिले पाहिजे.

भाषेच्या बाबतीत मात्र गोंधळ आहे. पहिले तीन भाग सेनापतीचे नाव ‘जोआब’ असे घेतात आणि चौथ्यापासून तो अचानक ‘यवाब’ होतो. मराठी पवित्र शास्त्रात रूढ असलेले रूप आधीच उघडून पाहायला काही हरकत नव्हती. त्याहून खटकते ती दरबाराची भाषा. दावीदासमोर यवाब चक्क मुजरा करतो आणि ‘आज्ञा महाराज’ म्हणून मागे सरतो, तेव्हा आपण यरुशलेमेत आहोत की दूरचित्रवाणीवरील एखाद्या ऐतिहासिक मालिकेच्या सेटवर, असा प्रश्न पडतो. ही कथा मराठीत आणण्यासाठी इतकी उसनवारी करण्याचे कारण नव्हते. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू मंडळींनी एकोणिसाव्या शतकातच बायबलमधील आख्याने मराठी कीर्तनाच्या घाटात बसवली होती. तो घाट या शहराच्या कानाला परका नाही.

चौथा भाग राब्बाच्या वेढ्याचा, म्हणजे आजच्या अम्मानचा. यवाब शहराचा पाणीपुरवठ्याचा भाग जिंकतो आणि राजाला निरोप धाडतो की उरलेले सैन्य घेऊन या आणि शहर तुम्हीच घ्या, नाहीतर मी ते घेतले तर त्याला माझे नाव पडेल. निष्ठेचा याहून नेमका पुरावा मिळणार नाही, आणि मालिकेने तो पुरेसा वेळ देऊन ऐकवला आहे. पण त्याच वेढ्यात, ज्याच्या बायकोशी राजाने संबंध ठेवले होते त्या उरीया हित्ती या योद्ध्याला मारण्याची राजाची चिठ्ठी खुद्द उरीयाच्या हातून यवाबाकडे येते. ती वाचून मालिकेतील यवाब हमसून रडतो. मूळ वृत्तांतात या रडण्याचा मागमूस नाही. तेथे यवाब उरीयाला कडव्या योद्ध्यांच्या समोर उभे करतो आणि नंतर जासुदाला शिकवून ठेवतो की राजा पराभवाबद्दल संतापला, तर तुमचा सेवक उरीया हाही मेला एवढे सांग. या थंड हिशेबीपणातच तो माणूस दिसतो; रडवून त्याला सोपा केला आहे.

सातवा भाग इतका चांगला आहे की त्याच्यासाठी संपूर्ण मालिका घ्यावी. बापाविरुद्ध बंड केलेला दावीदाचा मुलगा अबशालोम याला सांभाळून घ्या, असे राजाने सर्व सैन्यादेखत सांगितलेले असते. तरीही एला झाडाच्या फांद्यांत डोके अडकून लोंबकळणाऱ्या त्या राजपुत्राच्या काळजात यवाब तीन तीर खुपसतो. दावीद वेशीवरच्या माडीत शोक करू लागतो आणि जिंकून आलेले सैन्य हरल्यासारखे तोंड लपवून नगरात शिरते. तेव्हा यवाब आत जाऊन राजाला सुनावतो की आज अबशालोम जगला असता आणि आम्ही सगळे मेलो असतो तर तुम्हाला बरे वाटले असते. बाहेर येऊन लोकांशी बोलला नाहीत तर रात्रीपर्यंत एकही माणूस तुमच्यापाशी राहणार नाही. निवेदकाने हे शब्द आवाज न चढवता, जवळजवळ पुटपुटत म्हटले आहेत. आज्ञा मोडून सिंहासन राखणारा सेवक येथे पहिल्यांदा पूर्ण उभा राहतो. भाग संपला तेव्हा गाडी मशीद स्थानकात उभी होती. येथून जवळच कंपनी सरकारच्या फौजेतील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलेले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आहे आणि स्थानकाचे नावही त्यावरूनच पडल्याचे सांगतात. एका फौजी माणसाने उभारलेल्या त्या वास्तूपाशी हा सेनापती ऐकायला मिळणे, हा योग मला आवडला.

यानंतर घसरण आहे. चुंबन घेण्याच्या मिषाने दाढी धरून केलेला, आपल्या जागी सेनापती नेमलेल्या अमासाचा खून, यवाबाने विरोध करूनही दावीदाच्या हुकमावरून नऊ महिने वीस दिवस चाललेली शिरगणती आणि गादीच्या वादात शलमोनाविरुद्ध दावीदाचा दुसरा मुलगा अदोनीया याची बाजू घेण्याची शेवटची चूक, हे सारे दहाव्या भागात कोंबले आहे. आठवा आणि नववा भाग युद्धांच्या खणखणाटात खर्च झाले आहेत. आश्रयासाठी वेदीची शिंगे धरून यवाब ‘मी येथेच मरेन’ म्हणतो आणि त्याला मारायला पाठवलेला बनाया आत वार करायला न धजता राजा झालेल्या शलमोनाला विचारायला परत जातो, त्या थांबण्याला मालिकेने दोन वाक्ये दिली आहेत.

मुलांसोबत ऐकणाऱ्यांनी उरीयाचा भाग आधी स्वतः ऐकावा. नावांच्या घोळाबद्दल ग्राहक सेवेला लिहिल्यावर चार दिवसांनी सौजन्यपूर्ण उत्तर आले, पण पहिल्या भागात अजून ‘जोआब’च आहे.