अभ्यासाला बसण्याआधी काय घ्यावं: दूध, दही की ताक?

सोलापुरात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत दिवस घालवणाऱ्या मुलांना घरातून एक सल्ला हमखास मिळतो: "दूध पिऊन जा, डोकं चालेल." यातल्या काहींचं दहाच्या सुमारास पोट गुडगुडायला लागतं आणि निम्मं लक्ष तिकडेच जातं. अशांनी दूध सोडावं का? माझ्या मते सोडू नये, त्याचं रूप आणि वेळ बदलून बघावी.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. १०० मिली दुधात ती साधारण ५ ग्रॅम असते. ती फोडणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्यात बनतं, पण वय वाढतं तसं बहुतेकांमध्ये ते कमी होत जातं. आपल्या देशात उत्तरेपेक्षा दक्षिणेकडे असं होणाऱ्यांचं प्रमाण जास्त आढळतं, आणि सोलापूर तर कर्नाटकाच्या उंबऱ्यावरच आहे. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जीवाणू तिच्यापासून वायू तयार करतात. मग पोट फुगतं, कधी जुलाबही होतात. तरीही अशा बहुतेक लोकांना एका वेळी १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, फारसा त्रास न होता पचतं. खाण्याबरोबर घेतलं तर आणखी सोपं जातं. उपाशीपोटी मोठा पेला गटागटा रिकामा करून बाहेर पडणं मात्र अशा पोटाला सर्वात जड.

रतीब गाईचा लावावा की म्हशीचा? आपल्याकडच्या लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशीचं दूध दाट, त्यामुळे ते पोटात जास्त वेळ राहतं आणि जडपणा वाटतो. पण लॅक्टोज दोन्हींत जवळपास सारखंच, तेव्हा त्रास वायूचा असेल तर म्हैस बदलून गाय आणल्याने फार काही साधत नाही. दुप्पट भावाच्या 'ए-टू' दुधाचंही तेच. त्यात फरक आहे तो प्रथिनाचा, साखर तेवढीच. शिवाय म्हशीचं दूध मुळातच ए-टू असतं, हे विकणारे सहसा सांगत नाहीत.

दह्याचं गणित वेगळं. विरजणातले जीवाणू थोडं लॅक्टोज आधीच खातात आणि उरलेलं पचवायला लागणारं विकर आपल्याबरोबर पोटात घेऊन येतात. दूध बाधणाऱ्या अनेकांना दही चालतं ते यामुळे. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर दही हा आपला जुना नाश्ता म्हणूनच मला पेलाभर दुधापेक्षा सरस वाटतो: लॅक्टोज कमी, सोबत अन्न, आणि भूकही लवकर लागत नाही. दह्याची कढी केली तर उष्णतेने ते जीवाणू मरतात. कढी चवीसाठी खावी, या कामासाठी नाही.

दुपारी मात्र मी ताकाच्या बाजूने. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की अंगातलं पाणी थोडं कमी झालं तरी लक्ष लागेनासं होतं. पातळ ताकात पाणीही मिळतं, मीठही, आणि पाणी घातल्यामुळे लॅक्टोज दह्याहून कमी. रक्तदाब असेल तर मीठ बेतानेच.

आता डोक्याचं. दुधाने बुद्धी तल्लख होते किंवा दह्याने मंद होते, यातलं काहीही सिद्ध नाही. २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात निरोगी स्त्रियांना चार आठवडे, दिवसातून दोनदा, जीवाणूयुक्त आंबवलेलं दूध देऊन मेंदूचे स्कॅन काढले होते. भावनांशी संबंधित भागांच्या कामात फरक दिसला. स्त्रिया मोजक्याच होत्या, पैसे दही विकणाऱ्या कंपनीचे होते, आणि त्यावरून स्मरणशक्ती वाढली असं म्हणता येत नाही. खरा संबंध साधा आहे: पोट बिघडलं की झोप आणि लक्ष दोन्ही बिघडतात. दुसरा मुद्दा बी-१२ जीवनसत्त्वाचा. त्याच्या कमतरतेने थकवा येतो, विसरभोळेपणा वाढतो; आणि शाकाहारी घरात ते मिळण्याचा मुख्य मार्ग दूध-दहीच. म्हणून अंडी-मांस न खाणाऱ्याने "मला दूध सोसत नाही" म्हणत सगळंच बंद करणं हा महागातला सौदा.

तुपात लॅक्टोज नावापुरतं. पनीर करताना बरंचसं पाण्याबरोबर निघून जातं. खव्याचा पेढा मात्र आटवलेलं दूध, त्यात ते भरपूर. चहातलं दूध थोडंच. त्यातली तरतरी कॅफीनची. लॅक्टोज-फ्री दूध गोडसर लागतं, कारण साखर आधीच फोडलेली असते; दूधच हवं असेल तर तो मार्ग आहे.

दोन आठवडे साधं दूध बंद ठेवून फक्त दही-ताक घ्या, मग जेवणासोबत अर्धा कप दूध सुरू करून बघा. ही चाचणी परीक्षेच्या आठवड्यात नको. आणि वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा दूध घेताच अंगावर पित्त उठत असेल, तर प्रश्न लॅक्टोजचा नसण्याची शक्यता आहे. आधी डॉक्टरांना दाखवा.