सात रस्त्याजवळचा ईव्ही इकॉनॉमिक्सचा क्लास : हिशोब भारी, बॅटरीवर मात्र घाई

बीबीए-एमबीएच्या पोरांसाठी सोलापुरात सात रस्त्याजवळ एका क्लासवाल्याने रविवारचा ईव्ही (इलेक्ट्रिक गाड्या) इकॉनॉमिक्सचा कोर्स काढलाय, तो केला. मला वाटलं पर्यावरणावर दोन-चार स्लाइड, सर्टिफिकेट घ्या आणि निघा, असलं काहीतरी असणार. पण सरांनी बसल्या बसल्या एक्सेल उघडायला लावलं आणि एकच विचारलं, घरची गाडी रोज किती किलोमीटर फिरते?

सगळा कोर्स या एका आकड्याभोवती फिरतो आणि तेच मला लई आवडलं. पेट्रोल शंभरच्या वर, ॲव्हरेज 45 धरा, म्हणजे किलोमीटरला सव्वादोन रुपयांच्या वरच जातात. इलेक्ट्रिक स्कूटर 100 किलोमीटरला साडेतीन युनिट खाते, 10 रुपये युनिट लावलं तरी 35 पैसे, म्हणजे किलोमीटरमागे दोनेक रुपये वाचले, आणि गाडी 30 हजारांनी महाग असेल तर 15 हजार किलोमीटरला फरक निघाला. वर्षाला 300 दिवस गाडी फिरते धरलं तर चिंचोळी एमआयडीसीला रोज 40 किलोमीटर जाऊन-येऊन करणाऱ्याचे पैसे सव्वा वर्षात वसूल, आणि नवी पेठेतला दुकानदार जो दिवसाला 8 किलोमीटर फिरतो त्याला सहा वर्षं लागतात की ओ!

मग त्याच शीटमध्ये सबसिडी बदलायची. फेम-2 या केंद्राच्या जुन्या ईव्ही योजनेत बॅटरीच्या किलोवॅट-तासामागे (म्हणजे एका युनिटमागे) 15,000 मिळायचे, जून 2023 पासून 10,000 झाले आणि वरची मर्यादा किमतीच्या 40 टक्क्यांवरून 15 वर आली, नंतरच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत तर आधी 5,000 होते आणि 2025-26 मध्ये 2,500 झाले. जीएसटीचंही तसंच, ईव्हीला 5 टक्केच राहिला पण साध्या पेट्रोल स्कूटरचा सप्टेंबर 2025 मध्ये 28 वरून 18 झाला, म्हणजे किमतीतला फरक परत वाढला. वर्गातल्या एकाने विचारलं, वीज तर आपल्या आहेरवाडीच्या एनटीपीसीतच कोळसा जाळून होते ना? सर हसले, म्हणाले तो वेगळा कॉलम आहे, आधी हा भरा.

आता नावडलेलं. बॅटरी शेवटच्या तासात गुंडाळली. चाळिशीपार उन्हात बॅटरीचं काय होतं, वॉरंटी संपल्यावर गाडीला गिऱ्हाईक कोण, रिसेलला किती धरायचं, सगळं "घरी करून बघा". ईएमआयचं व्याजपण शीटमध्ये नाही, आणि सोलापुरात रोख पैसे देऊन गाडी घेणारे कितीक असतील? अपार्टमेंटमध्ये खाली प्लग नसेल तर बाहेरच्या चार्जिंगचा रेट वेगळा, त्यावर दोन वाक्यं. एसी बंद होता ते सोडा.

फी जरा जास्तच वाटली, पण फायनान्सवाल्यांनी जरूर करा, प्रोजेक्टला तयार मटेरियल मिळतं. मार्केटिंगवाल्यांना कंटाळा येईल. लॅपटॉप नक्की न्या, मोबाईलवर ती शीट नीट उघडतच नाही. पाचपैकी साडेतीन.