जेंटू नऊ महिने वापरल्यावर: सोर्सवरून बिल्ड केलेली सिस्टिम लातुरात कशी चालते

दिवाळीत डेस्कटॉपचा बोर्ड बदलला. सहा कोरचा रायझन प्रोसेसर घेतला, १६ जीबी रॅम टाकली आणि त्याच झटक्यात जेंटू ही लिनक्स सिस्टिमही टाकली. आता आषाढ लागलाय. दुकानाची बिलं, थोडंफार वेबसाइटचं काम, मराठी लिखाण, सगळं तेव्हापासून याच मशीनवर.

ज्यांनी वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जेंटूवर प्रोग्रॅमचा सोर्स कोड (माणसानं लिहिलेला मूळ मजकूर) उतरतो आणि आपल्याच मशीनवर कंपाइल होतो, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम तयार (बिल्ड) होतो. हे सगळं पोर्टेज हा पॅकेज मॅनेजर सांभाळतो (त्याची कमांड ‘इमर्ज’), आणि त्याची मूळ कल्पना फ्रीबीएसडी या दुसऱ्या सिस्टिमच्या पोर्ट्सची. कशात काय हवं, काय नको ते यूज फ्लॅगनं सांगायचं. ब्लूटूथ नको म्हटलं तर तो भाग बिल्डच होत नाही. इन्स्टॉलेशनला माझे दोन दिवस गेले. हँडबुक शेजारी उघडं ठेवलं तर जमतं, त्यात विशेष काही नाही. खरी परीक्षा अपडेटची.

पहिला गाढवपणा माझाच. प्रोसेसरला १२ थ्रेड आहेत म्हणून मेकऑप्ट्स या सेटिंगमध्ये १२ जॉब (एकाच वेळी चालणारी कंपाइलची कामं) लिहून मोकळा झालो. जड सी-प्लस-प्लस कोडला दर जॉबमागे दोनेक जीबी रॅम धरून चालावं लागतं, हे वाचलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. क्यूटी वेबइंजिन (वेबपानं दाखवणारी भलीमोठी लायब्ररी) अर्ध्यात आलं आणि माउस जागच्या जागी थिजला. दहा मिनिटांनी स्क्रीनवर ओळ आली, कंपायलर ‘किल्ड’. रॅम संपली होती. आता सहा जॉब ठेवलेत, आणि वेबइंजिनसाठी वेगळी फाइल करून चारच.

दुसरी गोष्ट लाईटची. जानेवारीत लिबरऑफिस बिल्ड होत होतं, सव्वा तास झाला होता आणि लाईट गेली. इन्व्हर्टर पंखे आणि दिव्यांना जोडलेला, कॉम्प्युटरला नाही. लाईट आल्यावर इमर्जला ‘रिझ्यूम’ सांगितलं. त्यात यादी आठवणीत राहते, पण अर्धवट राहिलेलं पॅकेज पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. रात्री साडेअकराला हे कळणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. दुसऱ्या दिवशी दोन कामं केली: वायरमनला बोलावून कॉम्प्युटरचा पॉइंट इन्व्हर्टरवर घेतला आणि सीकॅश हे साधन चालू केलं. सीकॅश असलं की आधी कंपाइल झालेल्या फाइली परत कराव्या लागत नाहीत, अडलेलं बिल्ड पुष्कळ लवकर मागच्या जागी येतं. डिस्क खातं, पण खाऊ दे.

मे महिन्यात वेगळंच. वरची खोली पत्र्याची, बाहेर ४२ अंश. दुपारी बिल्ड लावलं की प्रोसेसर नव्वदीच्या पुढं. तेव्हापासून दिवसा फक्त सोर्स उतरवून ठेवायचे (इमर्जला ‘फेचओन्ली’ सांगितलं की तेवढंच होतं) आणि कंपाइल रात्री दहानंतर. एका रात्री दादा पाणी प्यायला उठले. त्यांची जिंदगी आडतीवर गेलेली, भाषा तीच.

“हे घूं घूं काय करायलंय रं?”

“प्रोग्रॅम तयार व्हायलेत दादा. फायरफॉक्स.”

“ते तर मोबाइलमध्ये आयतं येतंय की. आयतं मिळतंय तर दळत कशाला बसलास?”

मी काहीतरी सांगितलं, पण बरोबर त्यांचंच होतं. दुसऱ्या दिवशी फायरफॉक्सचं तयार पॅकेज घेतलं. २०२३च्या डिसेंबरअखेर जेंटूनं अधिकृत बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल केलेली, पॅकेजेसही द्यायला सुरुवात केलीय. आपले फ्लॅग त्यांच्याशी जुळले तर तयार माल येतो, नाहीतर बिल्ड होतं. लिबरऑफिस, वेबइंजिन, रस्ट भाषेचा कंपायलर हे आता मी तिथूनच घेतो. काही जण याला फसवणूक म्हणतात. म्हणू द्या, माझं वीजबिल ते भरत नाहीत.

मग जेंटू ठेवलंच कशाला? वेगासाठी नाही. ‘मार्च नेटिव्ह’ (आपल्याच प्रोसेसरला साजेसा कोड बनवायची सेटिंग) लावून मला तरी ब्राउझर उघडण्यात काडीचा फरक जाणवला नाही. फरक पडला तो समजण्यात. फेब्रुवारीत हलकं-हलकं करण्याच्या नादात मी ‘हार्फबझ’ हा फ्लॅगसुद्धा सरसकट बंद केला, नाव ओळखीचं नव्हतं म्हणून. पुढच्या अपडेटनंतर इमॅक्स या एडिटरमध्ये ‘शिक्षण’ लिहिलं तर क चा पाय मोडलेला आणि ष शेजारी सुटा, पहिली वेलांटीही भलत्याच अक्षरावर. अर्धा दिवस फॉन्ट बदलत बसलो. दोष फॉन्टचा नव्हताच. जोडाक्षरं जुळवून मांडायचं काम हार्फबझ करतं आणि मीच त्याला घराबाहेर काढलेलं. फ्लॅग परत लावला, इमॅक्स पुन्हा बिल्ड केलं, पाच मिनिटांत ‘क्ष’ जागेवर. इतकी वर्षं मराठी टाइप करतोय, पण या कामाला स्वतंत्र लायब्ररी असते हे त्या दिवशी कळलं.

अपडेटची शिस्त मात्र सांभाळावीच लागते. मी दर रविवारी करतो. मार्चपासून लग्नसराईमुळं सात आठवडे हात लावला नाही. मधल्या काळात पायथॉन या भाषेची आवृत्ती बदललेली, त्यामुळं ब्लॉकच्या (एक पॅकेज दुसऱ्याला अडवतंय अशा) लाल ओळींनी स्क्रीन भरला, सोडवायला एक अख्खी संध्याकाळ गेली. अपडेटआधी ‘ईसिलेक्ट न्यूज’ ही कमांड दाखवते त्या जेंटूच्या सूचना वाचायच्या, हेही तेव्हाच अंगी लागलं. त्यात बदलाची पूर्वसूचना आणि करायच्या पायऱ्या दिलेल्या होत्या, मी वाचल्याच नव्हत्या. आणि अपडेटनंतर आलेल्या नव्या सेटिंग फाइली बसवणारं ‘डिस्पॅच-कॉन्फ’ झोपेत चालवू नका. यू दाबलं की नवी फाइल बसते, झेड दाबलं की नवी फाइल टाकून जुनी राहते. मी सवयीनं यू-यू-यू करत गेलो आणि मशीनचं ठेवलेलं नावच पुसलं गेलं.

स्वतःच्या मशीनवरून मी जेंटू काढणार नाही. धाकटी मात्र नीटच्या क्लासला जाते, आठवड्याला तिची टेस्ट असते. तिच्या लॅपटॉपवर मिंट, म्हणजे सगळं तयार मिळणारं लिनक्स, टाकून दिलंय, आणि त्याला मी हातसुद्धा लावत नाही.