विनएफआर, टेस्टडिस्क की फोटोरेक: उडालेली फाइल कशानं काढावी?

सेवा केंद्र, फोटो स्टुडिओ, पतसंस्था, शाळा, कोणत्याही टेबलावर हे होतंच. शिफ्ट-डिलीट दाबलं जातं, किंवा मेमरी कार्ड लावल्याबरोबर विंडोज ‘फॉरमॅट करू का’ विचारतो आणि घाईत कुणीतरी ‘हो’ म्हणून मोकळं होतं. डेटा रिकव्हरीवाल्याकडे नागपूर नाहीतर अमरावती गाठायची म्हणजे दिवस मोडतो, शिवाय बिल येतं ते वेगळंच. फुकटात मिळणारी आणि कमांडच्या काळ्या खिडकीत चालणारी तीन साधनं मात्र आपल्या हातात आहेत: विनएफआर, टेस्टडिस्क आणि फोटोरेक.

त्याआधी एक काम करा: ती फाइल खरंच परत काढावी लागणार आहे का ते बघा. गिऱ्हाईकाला पाठवलेली पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटमध्ये पडून असते. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये डिलीट केलेली फाइल 30 दिवस राहते. डिजिटल सहीचा सातबारा उडाला असेल तर महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर 15 रुपयांत नवा निघतो, त्यापायी रात्र जागवायची गरज नाही.

आता मुद्द्यावर. फाइल डिलीट केली की तलाठ्याच्या दप्तराची अनुक्रमणिका फाटावी तसं होतं. पानं जागेवर असतात, फक्त कोणतं कुठं याची नोंद जाते. विनएफआर साध्या (रेग्युलर) मोडमध्ये आणि टेस्टडिस्क नेहमीच त्या नोंदीचे उरलेले तुकडे वाचतात, म्हणून फाइल नावासकट परत मिळते. फोटोरेक नोंदीकडे बघतच नाही. तो सरळ एकेक पान उलटून ‘हे जेपीईजीसारखं सुरू होतं, हे पीडीएफसारखं’ असं ओळखत जातो. त्यामुळे नावं, फोल्डर सगळं जातं, पण नोंद पुरती बिघडली असली तरी माल हाती येतो. तुम्हाला नावं हवीत की नुसता माल चालेल, यावरच निम्मा निर्णय होतो.

विनएफआर, म्हणजे विंडोज फाइल रिकव्हरी, मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं आहे. 2020 साली आलं, आणि विंडोज 10 ची ‘2004’ क्रमांकाची आवृत्ती (हे साल नव्हे) किंवा त्यापुढचं विंडोज असेल तरच चालतं. आपल्याकडे किती मशीनवर अजून विंडोज 7 आहे हे ज्याचं त्याला माहीत. तिथं याचा विषयच संपला. वापरायचं तर आधी मूळ ड्राइव्ह, मग माल ठेवायची दुसरी ड्राइव्ह, मग रेग्युलर किंवा एक्सटेन्सिव्ह मोड आणि फोल्डरचा पत्ता, अशी पूर्ण ओळ टाइप करावी लागते. फोल्डरच्या पत्त्याच्या शेवटी बॅकस्लॅश द्यायचा राहिला, किंवा पत्त्यात जागा असून अवतरणचिन्ह दिलं नाही, की गाडी अडते. त्यात फाइलचं नाव मराठीत असेल तर काळ्या खिडकीत देवनागरी धड उमटत नाही. अशा वेळी नाव टाइप करायच्या भानगडीत पडू नये; तारका आणि टिंब टाकून पुढं फक्त डॉक्सएक्स किंवा एक्सएलएसएक्स लिहावं, त्या प्रकारच्या सगळ्याच फाइल शोधल्या जातात. एनटीएफएस (विंडोजच्या हार्ड डिस्कची नेहमीची मांडणी) ड्राइव्हवरून नुकतीच उडालेली फाइल असेल तर रेग्युलर मोड झटपट काम करतो. बराच काळ गेला असेल, ड्राइव्ह फॉरमॅट झाली असेल किंवा कार्ड-पेनड्राइव्ह असेल, तर एक्सटेन्सिव्ह.

पण माझी खरी अडचण वेगळीच आहे. हे साधन मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून उतरवावं लागतं आणि ते जाऊन बसतं सी ड्राइव्हवर. तुमची फाइल सी ड्राइव्हवरूनच उडाली असेल तर उतरवता उतरवताच तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाण्याचा धोका. म्हणून ते आधीपासून मशीनवर असेल, किंवा फाइल दुसऱ्या ड्राइव्हवरची असेल, तरच मी ते वापरायला सांगतो.

टेस्टडिस्क आणि फोटोरेक हे जुळे भाऊ आहेत. क्रिस्टोफ ग्रेनिए यांनी लिहिलेले, मुक्त स्रोत, दोघं एकाच झिपमध्ये येतात. इन्स्टॉल करायची गरज नाही. झिप दुसऱ्या मशीनवर उतरवा, पेनड्राइव्हवर उघडा आणि तिथूनच चालवा. जुन्या विंडोजवर चालतात, लिनक्सवरही. आणि ओळी टाइप कराव्या लागत नाहीत: बाणाची बटणं आणि एंटर यांवर भागतं, त्यामुळे कमांडची सवय नसलेल्यालाही जमतं. फोटोरेकची माउसनं चालणारी आवृत्तीही त्याच झिपमध्ये आहे.

टेस्टडिस्कमध्ये ड्राइव्ह निवडून अ‍ॅडव्हान्स्डमध्ये गेलं की अनडिलीट दिसतं. डिलीट झालेल्या फाइल लाल अक्षरांत येतात. कोलननं हव्या त्या निवडायच्या, मोठ्या सीनं दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करायच्या. फॅट मांडणीच्या कार्डावर कधी नावाचं पहिलं अक्षर गेलेलं असतं, म्हणजे कॅमेऱ्याच्या डीएससीच्या जागी खालची रेघ आणि पुढं एससी. घाबरू नका, फोटो तोच असतो. फक्त ‘राइट’ या पर्यायाला हात लावू नका. तो पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद, नव्यानं लिहितो. गेलेलं अख्खं पार्टिशन परत आणायला तो कामाचा, एखाद-दुसऱ्या फाइलसाठी त्याचं काही काम नाही.

स्टुडिओवाले मात्र येतात ते बहुतेक कार्ड घेऊन: “भाऊ, हळदीचे सारे फोटो गेले. वापस येतीन का?” इथं मी वेळ न घालवता फोटोरेकच लावतो. कार्ड फॉरमॅट झालेलं असो की विंडोजला वाचताच येत नसो, त्याला फरक पडत नाही. नाव फोटोरेक असलं तरी तो 480 हून अधिक प्रकारच्या फाइल ओळखतो. फाइल ऑप्टमध्ये जाऊन आधी सगळे प्रकार बंद करा आणि जेपीईजी, लागलंच तर कॅमेऱ्याचा रॉ प्रकार, एवढेच चालू ठेवा. नाहीतर हजारो फालतू फाइलींचा ढीग पडतो. फॉरमॅट झालेल्या कार्डावर ‘होल’ निवडा, म्हणजे पूर्ण कार्ड तपासलं जातं. यूएसबी 2 च्या रीडरवर 64 जीबीच्या कार्डाला पाऊण-एक तास धरून चाला. नावं आकड्यांची येतात, पण फोटो काढल्याची तारीख-वेळ फोटोच्या आतच असते. त्यावरून क्रम लावला की हळद, लग्न, वरात आपोआप वेगळी होते. व्हिडिओचं मात्र खात्रीनं सांगता येत नाही. मोठी फाइल कार्डावर तुकड्यांत पसरलेली असेल तर फोटोरेकला ती जोडता येत नाही आणि अर्धवट किंवा न चालणारी निघते.

लाइटचा मुद्दा आपल्याकडे टाळता येत नाही. शोध अर्ध्यात असताना लाइट गेली तर फोटोरेकचं सेशन जपलेलं असतं. पुन्हा सुरू केल्यावर तो ‘तिथून पुढं चालू करू का’ विचारतो. विनएफआरला पहिल्यापासून जावं लागतं. एक टीबीची हार्ड डिस्क नुसती वाचायलाच तीन तासांच्या आसपास लागतात, तेव्हा उन्हाळ्यात हा फरक जाणवतो.

हिशेबाच्या एक्सेल, ठरावांच्या वर्ड फाइल, जिथं नावाशिवाय काही उलगडत नाही, तिथं आधी टेस्टडिस्क, किंवा मशीनवर असेलच तर विनएफआर. त्यातून काही निघालं नाही तरच फोटोरेक. कोणतंही लावा, काढलेला माल त्याच ड्राइव्हवर ठेवायचा नाही.

दोन ठिकाणी तिन्ही निरुपयोगी आहेत. पहिलं एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी ड्राइव्ह: विंडोज डिलीटबरोबरच ट्रिमचा, म्हणजे ती जागा मोकळी झाल्याचा, आदेश देतो, मग त्या जागेवर वाचायला गेलं तर बहुधा शून्यंच मिळतात. दुसरं, टक-टक आवाज करणारी हार्ड डिस्क. ती लगेच बंद करा आणि डेटा मोलाचा असेल तर नागपूरची एसटी धरा. प्रत्येक स्कॅननं ती आणखी बिघडते.