नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा: जागेवर ठेवावा, उचलून न्यावा की लाकूड विकावं?

वाटण्या झाल्या, बिल्डर दोनदा येऊन गेला आणि आता वाड्याचं काय करायचं यावर घरात रोज बोलणं होत असेल, तर आधी खांबांचे तळ तपासा. दगडी तळखड्याला टेकलेला भाग टोकदार सळईने टोचून बघा. सळई सहज आत शिरली तर उदई (वाळवी) लागली आहे किंवा लाकूड कुजलं आहे. सागाचा गाभा बहुधा शाबूत निघतो, बाहेरचं पांढरं लाकूड जातं. दोन-चार खांबच खराब असतील तर वाडा जागेवरच दुरुस्त करा, असं माझं स्पष्ट मत आहे. खांबाचा सडका भाग कापून खाली नवा सागवान जोडता येतो. शिवाय मे महिन्यात घर गार ठेवणाऱ्या त्या हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती काही ट्रकवर चढत नाहीत.

जागा विकावीच लागत असेल, तर दोन वाटा उरतात.

एक म्हणजे सांगाडा उतरवून काटोल किंवा उमरेड रस्त्यावरच्या शेतात उभा करणं. छताचा भार सागवानी खांब-तुळयांवर आणि सांधे साळ-कुशीचे, म्हणजे एका लाकडाची जीभ (कूस) दुसऱ्याच्या खाचेत (साळ) बसवलेले, असले की हे जमतं. चेन्नईजवळ मुट्टुकाडूच्या दक्षिणचित्र संग्रहालयात दक्षिणेतली जुनी घरं अशीच उतरवून पुन्हा बांधली आहेत. १९९६ पासून ती लोकांना बघायला खुली आहेत.

सगळी मेहनत उतरवण्यात आहे. आधी मोजमापं, नकाशा, फोटो. मग प्रत्येक लाकडाला दोन्ही टोकांना नंबर, तोही तांब्याच्या पट्टीवर ठोकून, कारण खडू पहिल्या पावसात पुसला जातो. कवेलू, वासे, कड्या, तुळया आणि शेवटी खांब, हाच क्रम. सांध्यातली खुंटी ठोकून बाहेर काढायची आणि तुळई सरळ वर उचलायची. घाईत कोणी ती आडवी ओढली की कूस मोडते, आणि मोडलेल्या कुशीची तुळई पुन्हा त्या मापात बसत नाही. चुन्यात बांधलेल्या विटा साफ निघतात, त्याही न्या. सिमेंटमधल्या विटांच्या नादी लागू नका.

नव्या जागी खरी अडचण काळ्या मातीची. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेऊन सगळे तळखडे एका जोत्यात बांधले नाहीत, तर खांब वेगवेगळे हलतात आणि सांधे सुटतात.

दुसरी वाट लाकूड विकण्याची. पैसा लगेच हातात येतो, डोक्याला ताप नाही. व्यापारी घनफुटावर भाव करतो आणि खिळ्यांसाठी पैसे कापतो, कारण आरामशीनचं पातं खिळ्यावर बसलं की गेलं. कोरीव दरवाजा, गणेशपट्टी, महिरप यांचा भाव मात्र वेगळा मागा; घनफुटात दिलंत तर फसाल.

पूर्ण वाडा नेणं बहुतेक कुटुंबांना झेपणार नाही. अशांनी निदान ओसरीचे चार-पाच खण (दोन खांबांमधला एकेक गाळा) न्यावेत, खांबांमधलं अंतर तेच ठेवून. सिमेंटच्या बंगल्यात शोभेला उभा केलेला एकटा खांब बघून मला वाईट वाटतं. त्याच्या डोक्यावर काहीच भार नसतो.

काहीही ठरवलं तरी हातोडा लागण्याआधी महापालिकेत वाडा वारसा यादीत आहे का ते बघा. सागवान हलवायला वाहतूक परवाना लागतो का, हे वनविभागाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.