थंडरबर्डवर जिनिंगचा एक हंगाम: रिपोर्ट आला होता, पण दिसला नाही

गेल्या आठवड्यात शेवटची गाडी भरून गेली, प्रेस बंद झाली आणि मला लिहायला सवड मिळाली. खरं तर हे मी फेब्रुवारीतच लिहायला घेतलं होतं. तेव्हा लिहून झालं असतं तर 'थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम वापरू नका' एवढं एकच वाक्य झालं असतं. आता तसं म्हणणार नाही. पण एका गोष्टीवरचा माझा राग अजून गेलेला नाही आणि या अनुभवाचा अर्धा भाग त्या एकाच गोष्टीवर जाणार आहे.

मी राळेगाव तालुक्यात एका जिनिंगचा, म्हणजे कापसाची रुई काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्याचा हिशेब आणि पत्रव्यवहार पाहतो. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट. नेट दुपारी बरं, संध्याकाळी नावालाच. लाईन गेली की टॉवरही थोड्या वेळाने झोपतो. ब्राउझरमध्ये मेल उघडायला घेतली की अर्धं पान येऊन थांबायचं. म्हणून दसऱ्याच्या मुहूर्ताला थंडरबर्ड टाकलं, पॉपने, म्हणजे मेल लॅपटॉपवर उतरवून घ्यायच्या पद्धतीने जोडलं, सर्व्हरवर प्रत ठेवली. पैसे शून्य. पहाटे नेट चांगलं असताना सगळ्या मेल उतरवून घ्यायच्या आणि दिवसभर नेट असो नसो, वाचायच्या, उत्तरं लिहून आउटबॉक्समध्ये ठेवायची. या एका सोयीसाठी मी त्याला आजही पूर्ण गुण देतो. मागच्या हंगामातला करार शोधायला दोन सेकंद लागतात, तेही लाईन नसताना.

नोव्हेंबरात पहिली अडचण आली, ती मीच ओढवून घेतली होती. डेटा वाचावा म्हणून खात्याच्या सेटिंगमध्ये 'डिस्क स्पेस'खाली ५० केबीपेक्षा मोठ्या मेल उतरवू नका, ही खूण केली होती. मग मोठ्या मेलचा फक्त वरचा तुकडा यायचा. पण तिथे थंडरबर्ड स्वच्छ सांगतं की मेल कापलेली आहे, बाकीची हवी असेल तर इथे दाबा. दाबलं की येते. यात माझी काही तक्रार नाही. हे मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुढच्या रागाचं मूळ इथे आहे: जो प्रोग्राम इथे नीट सांगतो, तो दुसरीकडे गप्प का राहतो?

जानेवारीत विनमेल डॉट डॅट आली. दक्षिणेतल्या एका सूतगिरणीला शंभर गाठी जायच्या होत्या. एक गाठ साधारण १७० किलोची, म्हणजे १७ टन रुई. भाव खंडीवर ठरलेला, ३५५ किलोंच्या वर थोडी भरते ती खंडी. गिरणीकडून कोणते लॉट, म्हणजे गाठींचे कोणते गट मंजूर, त्याचा डिस्पॅचचा कागद आल्याशिवाय गाडी भरता येत नाही. गाडी गेटवर उभी, मेल आलेली, मेलला पेपरक्लिपही, आणि उघडून पाहतो तर आत पीडीएफ नाही. विनमेल डॉट डॅट नावाची एक फाइल, जी कशातच उघडत नाही. गिरणीच्या क्लार्कला फोन केला, तो म्हणाला, "सर, सेंट में पीडीएफ दिख रहा है." मी म्हटलं, परत पाठवा. परत तीच. तिसऱ्यांदा तीच. दोन दिवसांचं हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवल्याचं भाडं, ३,००० रुपये आमच्या अंगावर पडलं.

त्या वेळी मी सगळा दोष थंडरबर्डवर टाकला. तो चुकीचा होता. आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्राममध्ये पत्र रिच टेक्स्ट स्वरूपात लिहिलं की मजकुराची सजावट आणि जोडलेल्या फाइली असं सगळं मिळून एकाच गाठोड्यात बांधलं जातं. त्या पद्धतीला टीनेफ म्हणतात. आउटलुकला ते गाठोडं सोडता येतं, थंडरबर्डला स्वतःहून येत नाही. म्हणजे पीडीएफ माझ्याकडे आलेली होती, तीनही वेळा, फक्त गाठ बांधलेली. मिंटमध्ये टीनेफ याच नावाचा छोटा फुकट प्रोग्राम मिळतो. तो टाकून त्या फाइलवर चालवला आणि डिस्पॅचचा कागद एका सेकंदात समोर. थंडरबर्डसाठी लुकआउट नावाचं ॲड-ऑनही आहे, तेही हेच काम करतं, पण थंडरबर्डची मोठी आवृत्ती बदलली की ॲड-ऑन चालेलच याचा भरवसा नसतो. म्हणून मी वेगळा प्रोग्रामच ठेवलाय.

खरा इलाज पाठवणाऱ्याकडे आहे, आणि तो करून घ्यायला मला पाच फोन लागले. आउटलुकच्या ऑप्शन्समध्ये मेल या भागात एक ओळ असते: बाहेरच्या पत्त्यांवर रिच टेक्स्ट पाठवताना त्याचं एचटीएमएल करा, म्हणजे सगळे प्रोग्राम वाचू शकतात असं सजवलेलं रूप. क्लार्कने ते केलं. तरी विनमेल डॉट डॅटच. मग कळलं की माझा पत्ता त्यांच्या कॉन्टॅक्टमध्ये 'याला नेहमी रिच टेक्स्ट' असा साठवला गेला होता, आणि पत्ता टाइप करताना जी सूचना येते तिच्यातही तीच खूण चिकटलेली राहते. कॉन्टॅक्ट बदलला, सूचनेतला जुना पत्ता खोडला, पूर्ण पत्ता हाताने टाइप केला, तेव्हा पीडीएफ पीडीएफ म्हणून आली. कंपनीचा स्वतःचा एक्सचेंज, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर असेल तर तिथूनही हे बाहेरच्यांसाठी कायमचं बंद करता येतं, पण ते काम त्यांच्या आयटीवाल्याचं. तुम्हाला अशी फाइल आली तर 'परत पाठवा' म्हणू नका, तीच परत येईल. 'रिच टेक्स्ट काढून एचटीएमएलमध्ये पाठवा' असं नेमकं सांगा.

हे इथवर आलं तेव्हा थंडरबर्डवरचा राग मी मागे घेतला होता. मग फेब्रुवारी आला.

हिंगणघाटच्या दलालाकडून लॉटचा लॅब रिपोर्ट यायचा होता. स्टेपल म्हणजे तंतूची लांबी किती, मायक्रोनेअर म्हणजे त्याचा बारीकपणा किती, ट्रॅश म्हणजे कचरा किती, ते त्या एका पानावर असतं, आणि त्यावर भाव खंडीमागे वर-खाली होतो. मेल आली. मजकूर एक ओळ, 'रिपोर्ट पाहून घ्या'. खाली काही नाही. फाइलची पट्टी नाही, विनमेल नाही, कापल्याची सूचना नाही. दलालाला फोन लावला. तो म्हणाला, "काहून दिसत नाही जी? माह्या सेंटमंधी तं दिसून राहिली. दोनदा पाठवली तुमाले." मी म्हटलं, भाऊ, तुम्ही जोडायची विसरला असाल. तो दुखावला, आणि दुखावणारच, कारण त्याने खरंच जोडली होती. तोवर बारा वर्षांत आमच्यात कधी असा शब्द झाला नव्हता.

दोन दिवस मी त्यालाच दोष देत होतो. तिसऱ्या दिवशी यादीत साइजचा कॉलम चालू केला आणि चमकलो. एका ओळीची मेल, आणि साइज ६४० केबी. मग कंट्रोल आणि यू दाबून मेलचा मूळ मजकूर उघडला. खाली अक्षरांचा लांबच लांब ढीग, आणि त्याच्या वर पीडीएफचं नाव. रिपोर्ट माझ्याच लॅपटॉपमध्ये होता, पहिल्या दिवसापासून.

असं का झालं ते समजायला मला दोन रात्री लागल्या. ईमेलमध्ये मजकुरापलीकडचं काही जोडायची जी रीत आज सगळे प्रोग्राम पाळतात, ती माइम, बोरेनस्टीन आणि फ्रीड या दोघांनी १९९२ मध्ये मांडली. त्यात मेलचे भाग ठेवायचे वेगवेगळे कप्पे असतात. 'मिक्स्ड' कप्प्यातल्या वस्तू वेगवेगळ्या, त्या सगळ्या दाखवायच्या. 'अल्टरनेटिव्ह' कप्प्यात एकच मजकूर दोन रूपांत असतो, एक साधा आणि एक सजवलेला. वाचणाऱ्याच्या प्रोग्रामने त्यातलं एक रूप निवडायचं आणि दुसरं सोडायचं. दलालाकडचा ॲपलचा मेल प्रोग्राम पीडीएफ मजकुराच्या मधोमध ठेवू देतो. म्हणून सजवलेली मेल असली, आणि दलालाने लॅबची रंगीत मेल फॉरवर्डच केली होती, तर तो पीडीएफला सजवलेल्या रूपाच्या आत बसवतो. आणि माझ्या थंडरबर्डमध्ये मी 'मेसेज बॉडी ॲज'खाली 'प्लेन टेक्स्ट' करून ठेवलं होतं. त्याने साधं रूप निवडलं, दुसरं रूप सोडलं, आणि त्याच्यासोबत रिपोर्टही.

इलाज दोन क्लिकचा आहे. व्ह्यू मेनू, मेसेज बॉडी ॲज, ओरिजिनल एचटीएमएल. केलं की पीडीएफ जागच्या जागी उगवते. मी प्लेन टेक्स्ट कशासाठी ठेवलं होतं? डेटा वाचावा म्हणून. आणि त्याने डेटा वाचतच नाही, कारण ती ५० केबीची खूण काढल्यावर पॉपने मेल पूर्णच उतरते, दाखवायची कशी ते नंतर ठरतं. बाहेरची चित्रं थंडरबर्ड मुळातच विचारल्याशिवाय आणत नाही. म्हणजे त्या सेटिंगने माझा एक पैसा वाचला नाही.

तरीही माझी तक्रार कायम आहे. नियमाच्या भाषेत थंडरबर्ड बरोबर असेल, ॲपलचा मेलही बरोबर असेल. पण फाइल हातात आहे आणि दाखवत नाही, तर तेवढं सांगा. ५० केबीवर मेल कापली की सांगता, चित्र अडवलं की पिवळी पट्टी दाखवता, मग इथे एक ओळ का नाही? 'या मेलच्या दुसऱ्या रूपात एक फाइल आहे.' एवढी ओळ असती तर मी बारा वर्षांच्या ओळखीच्या माणसाला विसराळू म्हटलं नसतं. विनमेल डॉट डॅटने निदान काहीतरी आलंय हे कळतं. इथे माणूस शांतपणे समोरच्यावर संशय घेतो, आणि समोरचा खरं बोलत असतो. सेटिंगच्या अगदी खोलात, कॉन्फिग एडिटरमध्ये, शो, ऑल, बॉडी, पार्ट्स आणि मेनू हे शब्द अंडरस्कोअरने जोडून शोधले तर एक खूण सापडते. ती ट्रू केली की त्याच मेनूत 'ऑल बॉडी पार्ट्स' असा पर्याय वाढतो आणि मेलचा प्रत्येक तुकडा वेगळा दिसतो. मी ती चालू केलीय. पण गावातला माणूस ते कधी शोधणार?

दलालाची मी जाऊन माफी मागितली. फोनवर नाही, हिंगणघाटला जाऊन.

बाकीचं थोडक्यात. फाइलचं नाव देवनागरीत ठेवून पाठवलं तर काही ठिकाणी ते चिन्हांचा कचरा होऊन पोचतं आणि शेवटचं डॉट पीडीएफही गळतं, मग समोरच्याचा संगणक ती उघडत नाही. अशी नावं कशी लिहायची याचा नियम १९९७ पासून आहे, पण सगळे प्रोग्राम तो सारखा पाळत नाहीत. मनाला पटत नाही, तरी मी गाठींच्या यादीचं नाव रोमनमध्ये, मोकळी जागा न सोडता ठेवतो. आणि स्कॅन करताना वजन पाहा: मेलमध्ये फाइल अक्षरांत बदलून जाते आणि तिचा आकार एक तृतीयांशाने वाढतो. आमच्या मेलवाल्याची मर्यादा १० एमबीची, आणि ८ एमबीचा सातबाऱ्यांचा गठ्ठा परत आला तेव्हा ते कळलं. दोन मेल केल्या, गेल्या.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित चांगली निघाली. मेलमध्ये 'अटॅच' असा शब्द लिहून फाइल जोडायची राहिली, तर थंडरबर्ड पाठवण्याआधी थांबवून विचारतं. त्या शब्दांच्या यादीत आपले शब्द घालता येतात. मी रोमनमध्ये लिहिलेला 'सोबत' घातला, 'रिपोर्ट' घातला, 'लॉट' घातला. हंगामात निदान दहा वेळा त्याने मला पकडलं. जोडायची राहिलेली फाइल हा प्रोग्राम इतक्या काळजीने ओळखतो, म्हणूनच आलेली फाइल दडवणं जास्त खुपतं.

थंडरबर्ड लोकांच्या वर्गणीवर चालतं. हॉल्टिंगमध्ये गेलेल्या ३,००० रुपयांतले ५०० त्यांना द्यायचे, असं मी जानेवारीत विनमेलचं कोडं सुटल्यावर ठरवलं होतं. ते फेब्रुवारीपासून थांबले आहेत. ती एक ओळ ज्या आवृत्तीत येईल, त्या दिवशी पाठवीन. दसऱ्याला रॅम मात्र ८ जीबी करतोय, आणि प्रोग्राम हाच राहणार आहे.