सबवूफरचा सील्ड बॉक्स घेताय? लिटर बाहेरून मोजून विकतायत, मला असंच गंडवलं

रेडीमेड सील्ड बॉक्स, म्हणजे सबवूफरचे (बास वाजवणाऱ्या स्पीकरचे) हवाबंद खोके, कसे विकतात ते माहितीच असेल, वरून कार्पेट, ड्रायव्हर (म्हणजे स्पीकरच) आधीच स्क्रूने आवळलेला, म्हणजे आत डोकवायची सोयच नाही. ड्रायव्हर न बसवलेला बॉक्स दाखवा म्हणा, नाही म्हणाले की उठा. मी काही हात हलवत गेलो नव्हतो, १२ इंची सबचं डेटाशीट सोबत होतं, एफएस (मोकळ्या स्पीकरचा रेझोनन्स) ३० हर्ट्झ, क्यूटीएस (त्याची कंपनं किती आवरली जातात ते) ०.४५, व्हीएएस (त्याच्याइतकीच लवचिक हवा) ४० लिटर. आत २८ लिटर हवा असली की क्यूटीसी, म्हणजे बॉक्समध्ये बसवल्यावरचा हाच आकडा, ०.७ येतो हे गणित करून गेलेलो; ०.७ ला बास सपाट, वर गेला की ढब ढब.

आणि त्या विक्रेत्यानं माझ्यादेखत टेप बॉक्सला बाहेरून लावली! ४० बाय ३५ बाय २०, मोबाईलवर गुणाकार, "२८ हजार घन सेंटीमीटर, म्हणजे २८ लिटर, बरोबर ना साहेब?" १८ एमएमचा एमडीएफ आहे हे त्यानंच आधी छाती ठोकून सांगितलेलं, म्हणजे प्रत्येक मापातून ३.६ सेंटीमीटर नुसत्या फळ्यांत जातात, आणि मी मान डोलावतोय. अजून आठवलं की डोकं फिरतं. पण टेप समोर धरून कोणी इतकं राजरोस खोटं बोलेल असं कुणाला वाटेल?

गाडीत नुसतं ढब ढब, खालचा बास गायब. फोन केला तर म्हणे आत पॉलिफिल (पॉलिएस्टरचा कापूस) आहे, बॉक्स दुप्पट मोठा असल्यासारखा वागतो. साफ थाप. कितीही भरा, थिअरीतसुद्धा ४० टक्क्यांच्या वर जात नाही. ड्रायव्हर उतरवला तर निघालं मूठभर, आणि आतलं माप ३६.४ बाय ३१.४ बाय १६.४, म्हणजे १८.७ लिटर. त्यातले २.२ ड्रायव्हरच खातो. उरले १६.५. पैसे २८ चे घेतले, ११.५ लिटर गिळले! क्यूटीसी ०.८३, रेझोनन्स (ज्याच्या खाली बास ओसरत जातो) ४७ वरून ५५ हर्ट्झच्या पुढे. काहींना ०.८ आवडतो, आवडू दे, मी मागितला नव्हता.

तक्रार कार्यालयात गेलो तर पहिला प्रश्न, "वाजतोय ना?" बिलावर "बॉक्स १ नग" एवढंच, मग लिटर कुठे लिहिलंय? टेप लावून दाखवतो म्हटलं तर तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणा. असलं प्रमाणपत्र देतं कोण, ते त्यांनाही सांगता येईना. पुढच्या टेबलावर पाठवलं, तिथं "हा तांत्रिक वाद आहे". मग विक्रेत्याचं म्हणणं मागवलं, त्यानं "बाह्य मापानुसार २८ लिटर" असं सरळ लिहून दिलं, आणि तेवढ्यावर तक्रार निकाली! अहो, स्पीकर काय बाहेरच्या मापात वाजतो का?

तेव्हा बिलावर "आतलं निव्वळ आकारमान, ड्रायव्हर वजा करून" असं लिटरमध्ये लिहून घ्याच. वायर जोडायच्या टर्मिनल कपाला हात लावून बघा, माझ्या बॉक्सला तिथं हवा अडवणारं गॅस्केटच नव्हतं, हवा फुसफुसत होती. सील्ड म्हणे.